फणसवाडीखालचे तळे

तलावांचे शहर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे उदयपूर येईल, भोपाळ येईल, फार तर आपले शेजारचे ठाणे येईल. मुंबईचे नाव कोणी घेणार नाही. पण गिरगावातील फणसवाडीत उभे राहा आणि पत्ता विचारणाऱ्यांचे बोलणे ऐका. कोणाला सी. पी. टँकला जायचे असते, कोणाला धोबी तलावला, कोणाला गोवालिया टँकला. थोडे पलीकडे गेलात तर दोन टाकी आहे, खारा तलाव आहे. यांपैकी कोठेही आज तुम्हांला पाय बुडवण्याइतके पाणी दिसणार नाही. तलाव गेले, त्यांची नावे बसच्या पाट्यांवर राहिली.

या महिन्यात आपण या नाहीशा झालेल्या तलावांची सहल करू. ही सहल पायी करता येते. एखाद्या रविवारी सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी परताल. पण निघण्यापूर्वी एक कोडे मनात ठेवा. जुनी मुंबई म्हणजे समुद्राने वेढलेले बेट. फणसवाडीपासून पश्चिमेचा समुद्र आज जेमतेम एक किलोमीटरवर आहे. मरीन ड्राइव्हची भर पडण्यापूर्वी तर तो चर्नी रोडच्या रेल्वेरुळांच्या कडेलाच होता. मग सगळीकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या जमिनीत गोडे पाणी आले कोठून? आणि आले ते आले, समुद्राच्या शेजारी टिकले कसे?

झाडांची साक्ष

सुरुवात फणसवाडीच्या नावापासून करा. आज येथे व्यंकटेशाचे देऊळ आहे, चाळी आहेत, त्यांच्या जागी उठलेल्या उंच इमारती आहेत. फणसाचे झाड शोधूनही सापडणे कठीण. पण आसपासची नावे मोजा: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, खेतवाडी, मुगभाट, बोरभाट. हा सारा भाग एकेकाळी बागाईत होता. 'भाट' म्हणजे कोकणात झाडांनी भरलेली जमीन. नारळ समुद्रकाठच्या किंचित मचूळ पाण्यावरही निभावून नेतो. केळीला मात्र खारे पाणी मुळीच सोसत नाही, आणि फणसालाही ते मानवत नाही. तेव्हा ही नावे आपल्याला न विचारता एक गोष्ट सांगून जातात. या जमिनीखाली, झाडांच्या मुळांना व विहिरींच्या मोटेला सहज लागेल इतक्या वर, गोडे पाणी होते. मला तर एखाद्या शिलालेखाइतकाच हा पुरावा मोलाचा वाटतो.

फणसवाडीतून पाच-सात मिनिटे चाललात की सी. पी. टँकच्या चौकात येता. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल. कावसजी रुस्तमजी पटेल या पारशी गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत येथे लोकांसाठी तलाव बांधविला. जवळच पांजरापोळ आहे. ती १८३४ साली सुरू झाली. जनावरांच्या आश्रयस्थानाला पाणी लागते, हे ओघानेच आले. धोबी तलावाची दुरुस्ती पुढे फ्रामजी कावसजी बनाजी यांनी स्वतःच्या पैशांनी केली. त्यांचे नाव लावलेली फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत आजही त्या जागी आहे. गोवालिया टँकवर गुरे पाण्यावर आणीत. तो तलाव बुजवून झालेल्या मैदानावरच ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव झाला. म्हणून आज आपण त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो. मुंबादेवीच्या देवळाशीही तलाव होता. तोही गेला.

आता सी. पी. टँकवरून भुलेश्वरमार्गे मुंबादेवीकडे व तेथून पुढे पायधुनीला या. पायधुनी म्हणजे पाय धुण्याची जागा. मुंबई आणि माझगाव यांच्यामध्ये भरतीचे पाणी शिरणारी खाडी होती. ती ओलांडून आलेला माणूस येथे पाय धुवून शहरात शिरे, असे सांगतात. याच परिसरात खारा तलावाचा रस्ता आहे. पाहा गंमत! पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी. खाडीच्या काठाजवळचा तलाव खारा, आणि दोन्हींच्या मधोमध असलेल्या फणसवाडीत केळी आणि फणस. आपल्या कोड्याचे अर्धे उत्तर या नकाशातच दडलेले आहे.

गोड्या पाण्याचे भिंग

उरलेले अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. तुम्ही आठवीत घनता शिकलात. एक लिटर गोड्या पाण्याचे वस्तुमान १००० ग्रॅम धरले, तर एक लिटर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम भरते. फरक अवघा अडीच टक्क्यांचा. पण मुंबईच्या तलावांचे सारे चरित्र या अडीच टक्क्यांवर तरलेले आहे. हे अगदी शब्दशः खरे आहे.

मुंबईत पावसाळ्यात दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा चाळीतल्या एका खोलीएवढ्या जागेवर वर्षाला अठरा हजार लिटरांहून जास्त पाणी कोसळते. त्यातले काही वाहून जाते, काही वाफ होऊन जाते आणि काही जमिनीत मुरते. जमिनीत आधीच दोन्ही बाजूंनी समुद्राचे पाणी झिरपून बसलेले असते. पावसाचे हलके पाणी या जड पाण्यावर तरंगत राहते. उघड्या भांड्यात लाटांनी ते लगेच मिसळले असते. वाळूच्या आणि मातीच्या बारीक छिद्रांत पाणी फार संथ हलते, त्यामुळे मिसळण फक्त दोन्हींच्या सीमेवर थोडीशी होते. त्या सीमेवरचे पाणी मचूळ.

असे तरंगणारे पाणी मधोमध जाड आणि काठाकडे पातळ असते. म्हणजे त्याचा आकार मसुराच्या दाण्यासारखा, किंवा तुमच्या प्रयोगशाळेतील बहिर्गोल भिंगासारखा होतो. बर्फाचा तुकडा पाण्यात जसा थोडा वर आणि पुष्कळ खाली असतो, तसेच हे भिंग समुद्राच्या पातळीच्या थोडे वर आणि पुष्कळ खाली असते. किती वर आणि किती खाली, याचा हिशेब हॉलंडमधील बाडॉन गायबेन यांनी १८८८ च्या सुमारास मांडला. जर्मनीतील हर्झबर्ग यांनी नोर्डर्नाय या बेटाच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना स्वतंत्रपणे तोच हिशेब काढून १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. तो तुम्हीही एका ओळीत करू शकता.

समजा, विहिरीतील गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा १ मीटर उंच आहे, आणि गोडे पाणी समुद्राच्या पातळीखाली क्ष मीटरपर्यंत पोहोचले आहे. तळाशी दोन्ही बाजूंचा दाब सारखा असला पाहिजे. गोड्या पाण्याच्या स्तंभाची उंची (क्ष + १), घनता १.०००. खाऱ्या पाण्याच्या स्तंभाची उंची क्ष, घनता १.०२५. म्हणून

(क्ष + १) × १.००० = क्ष × १.०२५

यावरून क्ष = ४०. विहिरीचे पाणी समुद्रापेक्षा एक मीटर उंच असेल, तर त्याखाली चाळीस मीटर गोड्या पाण्याचा साठा तोलून धरला जातो!

अर्थात प्रत्यक्षात इतके सरळ नसते. गिरगावात कोठे वाळू, कोठे चिकणमाती आणि खाली काळा कातळ आहे. कातळ आधी लागला तर भिंगाचा खालचा भाग तेथेच कापला जातो. भरती-ओहोटीने सीमा खालीवर होते. पण मूळ तराजू हाच.

या तराजूकडे उलट बाजूने पाहा म्हणजे छातीत धस्स होईल. पातळी एक मीटर वर गेली तर चाळीस मीटरांचा फायदा. मग ती एक मीटर खाली आली तर? उपसा करून विहिरीची पातळी एक वीत उतरवली, की तळाकडून खारे पाणी हळूहळू चाळीस विती वर येऊ लागते. वरून पाहणाऱ्याला वाटते, विहीर अजून भरलेली आहे. आणि एक दिवस पोहऱ्यातले पाणी मचूळ लागते. एकदा खारटलेली विहीर पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागू शकतात.

यातून आणखी एक गोष्ट कळते. देशावर पाणी कमी पडले की विहीर खोल खणतात. समुद्रकाठी हा उपाय अंगाशी येतो, कारण खोल जाल तसे खाऱ्याच्या जवळ जाल. येथे पाणी हवे तर खोल खणायचे नाही, रुंद खणायचे. उथळ आणि पसरट खड्डा थोड्या-थोड्या उपशाने सगळीकडून पाझर घेतो आणि पातळी कोठेच फार उतरत नाही. म्हणजे काय? म्हणजे तलाव! गायबेन-हर्झबर्ग यांच्या शंभर वर्षे आधी कावसजी पटेलांच्या गवंड्यांनी हे सूत्र मांडले होते असे मी म्हणणार नाही. पण समुद्रकाठची माणसे पिढ्यान्‌पिढ्या चव घेऊन खणत आली होती, आणि चव हेही मोजमापाचे साधनच आहे.

चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ सालची. त्या काळी समुद्र तिच्या बराच जवळ होता, तरी तिचे पाणी गोडे, आणि आजही ती पूज्य मानली जाते. भिंगाच्या कडेजवळही, उपसा बेताचा असला तर, गोडे पाणी टिकते याचे हे उत्तम उदाहरण आहे.

करून पाहा

गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तसली पारदर्शक नळी दोन मीटर आणा. ती यू आकारात फळ्यावर बांधा. दोन्ही भुजा ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून ते पाणी दोन्ही भुजा निम्म्या भरतील इतके ओता. आता गोड्या पाण्यात दोन थेंब शाई टाकून ते एका भुजेत ड्रॉपरने, नळीच्या कडेवरून, अगदी सावकाश सोडा. घाई केलीत तर दोन्ही मिसळतील आणि सगळे नव्याने करावे लागेल. रंगीत स्तंभ ४१ सेंटिमीटर झाला की दोन्ही भुजांतील वरच्या पातळ्या पट्टीने मोजा. रंगीत पाणी १ सेंटिमीटर उंच आढळेल. मिठाचे प्रमाण कमीजास्त झाले तर उत्तर थोडे बदलेल. ते का, हे शिक्षकांशी बोला.

आता लांब नळीच्या ड्रॉपरने रंगीत पाणी निम्मे काढून घ्या. पातळ्यांतील फरक अर्धा सेंटिमीटरच कमी होईल, पण दोन पाण्यांची सीमा दहा सेंटिमीटर वर चढलेली दिसेल आणि दुसऱ्या भुजेतील खारे पाणी तितकेच उतरलेले दिसेल. येथे थोडे थांबून विचार करा. आपल्या नळीतला समुद्र लहान आहे म्हणून तो उतरला. अरबी समुद्र काही फणसवाडीतल्या विहिरीसाठी उतरणार नाही. म्हणून खऱ्या विहिरीत सीमा एकटीच सगळे वीस सेंटिमीटर चढते.

तलाव गेले का?

कारण माणसे वाढली आणि भिंग तेवढेच राहिले. १८४५ पासून पाण्यासाठी लोकांची ओरड सुरू होती. १८५४ ते १८५६ या वर्षांत इतकी टंचाई झाली की पाणी वाचविण्यासाठी शहरातील गुरे माहीमकडे हलवावी लागली. तेव्हा हेन्री कॉनीबिअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या खोऱ्यात, साष्टीच्या डोंगरात, विहार तलावाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये पुरे झाले. रोज सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी पंपावाचून, केवळ उतारावर, लोखंडी नळातून शहरात येऊ लागले. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा आणि स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये, वैतरणा. हा वैतरणेचा तलाव अभियंता मोडक यांच्या नावाने मोडकसागर म्हणून ओळखला जातो. आज सात तलाव मिळून मुंबईला रोज ३८० ते ४०० कोटी लिटर पाणी देतात. त्यातला निम्मा वाटा एकट्या भातशाचा आहे. विहार आणि तुळशी यांचा वाटा आता अगदीच थोडा.

नळ घरात आल्यावर तलावाची निगा कोण राखणार? दाट वस्तीचे सांडपाणी जमिनीत मुरून याच पाण्यात मिसळत होते. त्यात १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत मलेरिया आणि डास यांचा संबंध दाखविला. पुढे डॉ. बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाची पाहणी केली. त्यांच्या १९११ च्या अहवालात मुंबईच्या घरोघरच्या विहिरी आणि टाक्या या डासांच्या वाढीच्या जागा म्हणून दाखविल्या गेल्या. पुष्कळ विहिरी बुजल्या, काही झाकल्या गेल्या. धर्मकृत्यांना विहिरीचे पाणी लागते म्हणून काहींनी विरोधही केला. मी त्या विरोधकांना हसणार नाही, आणि बेंटली यांना दोषही देणार नाही. तापाने माणसे मरत होती. गंमत एवढीच की तोच ॲनॉफिलिस स्टीफेन्सी जातीचा डास आज गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात सुखाने वाढतो.

पण भिंग कोणी बुजवले नाही. ते बुजवता येतच नाही. ते अजून फणसवाडीच्या डांबराखाली आहे. बदलले आहे ते त्याचे जमाखर्चाचे खाते. जमेची बाजू आटली, कारण अंगणे, वाड्या, मैदाने यांवर फरशी आणि डांबर आले. पाऊस मुरण्याऐवजी गटारातून सरळ समुद्राला मिळतो. खर्चाची बाजू वाढली: कूपनलिका, विहिरींवरून भरणारे टँकर, आणि नव्या उंच इमारतींच्या खोल पायांतून रात्रंदिवस उपसून गटारात सोडले जाणारे पाणी. ही पाया खणतानाची उपसणी तुम्ही गिरगावात कोठेही पाहू शकता. जाड नळातून येणारे ते पाणी पुष्कळदा नितळ असते. पातळी एक मीटर उतरली की चाळीस मीटरांचा तोल जातो, हे आपण आताच पाहिले. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठविण्याची वा मुरविण्याची सोय सक्तीची आहे. तुमच्या शाळेच्या गच्चीचे क्षेत्रफळ मोजा, त्याला दोन मीटरने गुणा, आणि आलेले घनमीटर कोठे जातात ते पन्हळीच्या नळामागोमाग जाऊन पाहा. नळ गटारात शिरतो की जमिनीत, एवढे नोंदवले तरी पुरे.

बाणगंगा

सहलीचा शेवट वाळकेश्वरला करा. मलबार हिल चढताना हँगिंग गार्डनमध्ये क्षणभर थांबा. तेथील हिरवळीखाली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला जलाशय आहे. बाहेरगावच्या तलावांचे पाणी येथे येते आणि येथून उतारावर गिरगावाकडे जाते. उंचीच्या दर दहा मीटरांना सुमारे एक वातावरणाचा दाब मिळतो. म्हणूनच पंप नसतानाही चाळीच्या वरच्या मजल्यावर पाणी चढत असे. आणि सकाळी सगळ्यांनी एकदम तोट्या उघडल्या की नळातील घर्षणात तो दाब खर्ची पडून वरच्या बिऱ्हाडांत नुसती हवा फुसफुसे. आजीला विचारा, ती सांगेल.

डोंगर उतरून बाणगंगेवर आलात की चारी बाजूंनी पायऱ्या असलेला आयताकार तलाव दिसेल. हा मात्र बुजलेला नाही. शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी तो ११२७ मध्ये बांधला असे सांगतात. १७१५ मध्ये रामा कामत यांच्या देणगीतून त्याचा जीर्णोद्धार झाला. रामाने तहान भागविण्यासाठी बाण मारून येथे पाणी काढले अशी कथा आहे. समुद्र येथून हाकेच्या अंतरावर. तरीही पाणी गोडे, कारण येथे नुसते तरंगणारे भिंग नाही, झरा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून उतरून समुद्रापेक्षा उंच जागी बाहेर येतो. पाणी सतत आतून बाहेर वाहत असल्यामुळे समुद्राला आत शिरण्यास वाटच मिळत नाही. डोंगरावर पाऊस मुरत राहील तोवरच हे चालेल, हे तुम्हांला आता सांगावयास नको.

येथे येताना शाळेतून एक परीक्षानळी आणा. तिच्या आत आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवा आणि तळाशी वाळू भरा. गोड्या पाण्यात ती १२.३ सेंटिमीटर बुडून सरळ उभी राहील इतकी. समुद्राच्या पाण्यात तीच नळी १२ सेंटिमीटरच बुडेल. तीन मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांना सहज दिसतो. बाणगंगेचे, चौपाटीचे आणि ओळखीच्या घरी किंवा देवळात विहीर असेल तर तिचे पाणी बाटलीत घ्या, सगळ्या बाटल्या सावलीत ठेवून एकाच तपमानाला येऊ द्या आणि मग मोजा. विहीर समुद्राजवळची असेल, तर भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा मोजा. वेळा वर्तमानपत्रात असतात. वैशाखात घेतलेले आकडे जपून ठेवा आणि त्याच बाटल्या, तीच नळी घेऊन श्रावणात पुन्हा जा.